दशांश आणि झाकली मूठ

आम्हा ख्रिस्ती लोकांत उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देतात, तो दशांश. दशांश द्यायचा म्हणजे पगार सांगायचा. दुसऱ्या कुठल्याही वर्गणीत असे होत नाही. गणेश मंडळाला पाचशे दिले, शाळेच्या इमारतनिधीला दोन हजार दिले, तर त्यावरून आमच्या घरात महिन्याला किती येतात ते कुणाला कळत नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वहीत मात्र माझ्या नावापुढे ‘दशांश ४,२००’ असे पडले की वाचणाऱ्याने फक्त एक शून्य जोडायचे असते. आणि ती वही वाचणारा कुणी लांबचा सरकारी कारकून नसतो. तो आपल्याच आळीतला असतो, बहुधा नात्यातलाही. उद्या आपल्या मुलीसाठी स्थळ आणणारा तोच, पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणारा तोच, आणि आपल्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली की मनातल्या मनात हिशेब मांडणाराही तोच.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी नगरच बसले आहे. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, मीही शाळेतच नोकरी केली. निवृत्तीच्या आधी काही वर्षे आमच्या मंडळीची खजिनदार होते. त्यामुळे दशांशाबद्दल बोलताना मी दोन्ही बाजूंनी बोलते: पाकीट थैलीत टाकणारी म्हणून, आणि नंतर ते उघडून मोजणारी म्हणूनही.

देण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. आजी रोज भाकरीसाठी पीठ घेण्याआधी मूठभर ज्वारी बाजूच्या गाडग्यात टाकायची. ती ज्वारी देवाची. दुष्काळाच्या सालातही गाडगे रिकामे राहिले नाही. रविवारी ती धान्य पदराखाली धरून भक्तीला न्यायची आणि वेदीजवळच्या पाटीत ओतून मागे यायची. सगळ्यांचे धान्य एकाच पाटीत पडायचे. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, ते पाटीत पडल्यावर कुणालाच सांगता आले नसते. त्या देण्यात मी वाढले आणि ते मला आजही हवे आहे.

शिवाय मंडळी हवेवर चालत नाही. मिशनचा पैसा होता तोवर पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, पगार, शाळा, दवाखाना, वसतिगृह सगळे परदेशातून भागायचे. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा मिशनरी बरेचसे परतले होते किंवा परतीच्या वाटेवर होते. पुढे चर्चचे पत्रे बदलायचे, विजेचे बिल भरायचे, पाळकाच्या मुलांची फी भरायची, ती आम्हीच. गावाकडच्या पाळकांना चार-चार महिने पगार न मिळाल्याचे मी पाहिले आहे. अशा माणसाने व्यासपीठावरून दशांशावर उपदेश केला तर तो लोभी आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तक्रार आहे ती विचारण्याबद्दल. किती देता, किती मिळते, मग इतकेच का देता, या चौकशीबद्दल.

बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असतो. मनुष्य देवाला ठकवील काय, असा प्रश्न, आणि सगळा दशांश भांडारात आणा ही आज्ञा. दशांशावरचा उपदेश तिथे सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. पण बायबलातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय मी भर भक्तीत वाचलेला फार क्वचित ऐकला. तिथे धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दशांश घेऊन देव सांगेल त्या ठिकाणी जा आणि तिथे कुटुंबासह तो खा, आनंद करा, असे सांगितले आहे. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच ठेवायचा, देवाच्या सेवेला वाहिलेल्या आणि वतन नसलेल्या लेव्यासाठी, उपऱ्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी. ‘गणना’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: लेव्यांना जो दशांश मिळे त्याचाही दहावा भाग त्यांनी द्यायचा होता. म्हणजे घेणाराही हिशेबाच्या बाहेर नव्हता. शेतीवर जगणाऱ्या समाजातली ती व्यवस्था होती. खळ्यावरची रास सगळ्या गावाला दिसते, तिचा दहावा भाग काढला तर कुणाचे गुपित फुटत नाही. पगाराची रास बँकेच्या खात्यात असते. तिचा दहावा भाग मागितला की आधी ती रास उघडी करावी लागते, आणि हा फरक उपदेशात कुठेच येत नाही.

नवा करार तर आणखी वेगळे बोलतो. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कष्टी होऊन नाही, भाग पडते म्हणून नाही. प्रभू येशू म्हणतो, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ पंथाच्या लोकांना, तो दशांश देऊ नका असे म्हणत नाही, पण न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल त्यांना झापतो.

यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या शेवटच्या दोन लहान नाण्यांची, गोष्ट सुनावली होती. “बाई, प्रभू स्वतः भांडारासमोर बसून कोण किती टाकतो ते बघत होता. मग मंडळीने बघितले तर काय बिघडले?” प्रश्न बिनतोड वाटतो. घरी येऊन मी मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय पुन्हा काढला. त्या विधवेच्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळीत प्रभू शास्त्र्यांविषयी बोलतो आहे: हे विधवांची घरे गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढे ती विधवा येते. तिने किती टाकले ते त्याला कळते, पण तो तिला हाक मारत नाही, तिचे नाव विचारत नाही, तिला पुढे उभी करत नाही. शिष्यांना बाजूला बोलावून सांगतो. ती बाई आली तशी निघून गेली आणि दोन हजार वर्षे झाली तरी तिचे नाव आपल्याला माहीत नाही. बघण्याचा अधिकार ज्याला होता त्याने तो कसा वापरला, हे मला त्या गोष्टीत दिसते. आपल्याला तर तो अधिकार मुळात दिलेलाच नाही.

आणि हनन्या-सप्पीरा. दशांश चुकवणाऱ्याला धाक घालायला ही गोष्ट वापरली जाते, कारण त्यात नवराबायको दोघेही जागीच मरून पडतात. पण प्रेषित पेत्र हनन्याला काय विचारतो? जमीन तुझ्याकडे होती तोवर ती तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते ना? त्याने पैसे ठेवून घेतले हा गुन्हा पेत्र धरत नाही. सगळे दिले असे खोटे सांगितले, हा गुन्हा. मला तर वाटते, मंडळीने रकमा विचारायला सुरुवात केली की ती आपल्या माणसांना त्याच पापाकडे ढकलते. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक नाही तो तोंडावर विचारला गेला की भला माणूसही खोटे बोलतो. वेतनवाढ लपवतो, पेन्शनचा फरक मिळाला ते सांगत नाही, मुलाने दुबईहून पैसे पाठवले ते सांगत नाही. आणि मग पुढच्या प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, हात पुढे करताना त्याला अवघडल्यासारखे होते.

खजिनदार असताना वहीने मला काय केले, ते सांगायला हवे. मी कुणाची रक्कम कुणाला सांगितली नाही. तरी ती मला माहीत होती, एवढेच पुरेसे झाले. मंडळीतली एक विधवा बाई, धुणीभांडी करणारी, दर महिन्याला पाकीट द्यायची. दोन महिने पाकीट आले नाही. तिसऱ्या रविवारी भक्तीनंतर ती मला टाळून मागच्या दाराने गेली. त्याआधी ती दर रविवारी हात हातात घेऊन ‘सलाम, बाई’ म्हणायची. मी तिला काही विचारले नव्हते, विचारणारही नव्हते. पण माझ्याकडे वही आहे हे तिला ठाऊक होते. तिच्या आणि माझ्यामध्ये आता ती वही होती. उलट एका मोठ्या पगाराच्या गृहस्थांची रक्कम अशी काही तुटपुंजी असे, की ते व्यासपीठावर उभे राहून प्रार्थना करू लागले की माझे मन प्रार्थनेत राहत नसे. शेजाऱ्याच्या पाकिटाचे ज्ञान हे भक्तीला पोषक ज्ञान नाही. ते ज्याच्याकडे जाते त्याचेही नुकसान करते.

पाळकांनी हे आकडे पाहू नयेत, असे माझे मत त्या काळात पक्के झाले. पाळक घरभेटीला येतो, आजाऱ्यावर हात ठेवतो, मयताला सगळ्यात आधी पोचतो. त्याच्या डोक्यात ती यादी असेल तर कोणाच्या घरी चहा घेतला आणि कोणाच्या घरी उभ्या उभ्या प्रार्थना करून निघाले, याचे लोक अर्थ लावतात. कधी कधी ते अर्थ खरेही निघतात.

नव्या स्वतंत्र मंडळ्यांत तर मी याहून कठोर प्रकार पाहिले. एका ठिकाणी दशांश देणाऱ्यांना हात वर करायला सांगितले गेले, मग त्यांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना झाली. बाकीचे बाकांवर बसून राहिले. त्यांच्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिचा नवरा ऊसतोडीला जातो. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतली होती, तिचाही दहावा भाग मागितला गेला. उचल म्हणजे कमाई नाही. उचल म्हणजे अजून न तोडलेल्या उसावरचे कर्ज, ते सहा महिने कोयत्याने फेडायचे, आणि फिटले नाही तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचे. त्या पैशातून दहा टक्के काढून घेणे म्हणजे कर्जातून दान काढणे. तिने दिले. नाही म्हटले असते तर आशीर्वाद अडला असता, असे तिला सांगण्यात आले होते. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

तसे नाव लावून देण्याची हौस आपल्या मातीत जुनीच आहे. देवळाच्या पायरीवर नाव, पाणपोईवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव. आमच्या चर्चमधल्या भिंतीवरच्या घड्याळावरही एका कुटुंबाचे नाव रंगवलेले आहे, वेळ बघताना ते वाचावेच लागते. मिशनऱ्यांनीही काही वेगळे शिकवले नाही. १८३१ साली नगरला ठाणे देणारे अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, ते १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाले. त्या राज्यात चर्चसाठी कर देणे १८३३ पर्यंत कायद्यानेच सक्तीचे होते. बोर्ड मात्र स्वेच्छेच्या देणग्यांवर चालायचे, आणि त्यांच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात गावोगावच्या देणग्यांच्या याद्या डॉलर-सेंटसह छापून यायच्या. म्हणजे उघड याद्यांचा वारसा आम्हाला दोन्हीकडून मिळाला, इथल्या पायऱ्यांवरून आणि तिथल्या मासिकावरूनही.

उपकारस्तुतीची गोष्ट मी वेगळी धरते. मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला म्हणून आई १०१ रुपये देते आणि तिला ते सगळ्यांसमोर वाचले जावे असे वाटते. तिच्या आनंदात मंडळी सामील व्हावी, एवढीच तिची इच्छा असते. तिने स्वतः सांगितले म्हणून ते वाचायचे. हंगामाच्या सणाला लिलावात एक भोपळा पाचशेला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात, त्यातही कुणाचा पगार उघडा पडत नाही. माणसाने आपणहून मूठ उघडली तर ती त्याची. दुसऱ्याने बोटे उलगडून बघू नयेत.

आता ज्या गोष्टीबद्दल आमच्यात फारसे उघड बोलले जात नाही तिच्याकडे येते. आमच्यातली बहुतेक कुटुंबे महार आणि मांग समाजातून ख्रिस्ती झालेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने आमची जात कुणी विसरले नाही, विहिरीवर नाही आणि लग्नाच्या बाजारातही नाही, फक्त सवलत गेली. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असे चालते. यावर कुणाला काय वाटायचे ते वाटो. अशा घरातल्या मुलाची जात पडताळणी आली की आईच्या पोटात गोळा उठतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर एका मुलीचे प्रकरण आले होते. चौकशी करणाऱ्यांना घरात येशूचे चित्र दिसले, म्हणून पडताळणी समितीने तिचा महार जातीचा दावा फेटाळला होता. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, घरात चित्र असल्याने कुणी धर्मांतरित ठरत नाही असे म्हटले. वर्षभराने, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईचा दावा मात्र नाकारला. ती बाप्तिस्मा घेतलेली आणि नियमित चर्चला जाणारी आहे, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले.

भिंतीवरच्या चित्रापर्यंत चौकशी पोचत असेल, तर वर्षभराचा दशांश नावानिशी लिहिलेली वही म्हणजे काय, याचा विचार वार्षिक सभेत टाळ्या घेत याद्या वाचणाऱ्यांनी करायला हवा. आणि चर्चच्या दारावर लावलेली थकबाकीदारांची यादी? तिचा मोबाइलवर फोटो काढायला क्षणही लागत नाही. ज्या मंडळीने लेकरांना जवळ घ्यायचे तिनेच त्यांच्याविरुद्धचा पुरावा दारावर चिकटवावा, हे मला सहन होत नाही.

आमच्या भाऊबंदांतली एक शाखा बौद्ध आहे. तिथेही देण्याची शिकवण आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धर्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करायला सांगितले होते. चुलतभावाला मी एकदा विचारले, तुमच्या विहारात हा हिस्सा कोण तपासतो? तो म्हणाला, “आक्का, सांगितलंय बाबासाहेबांनी. तपासायचं कुणी?” त्याच्या उत्तरात मला विश्वास दिसला. हिस्सा ठरवून दिला म्हणून तो वसूल करणारा माणूसही नेमला पाहिजे, असे नाही.

दुसरीकडचे मार्गही मी समजून घेत गेले. भाची म्युनिकला परिचारिका आहे. तिथे गेल्यावर नाव नोंदवतानाच तिला धर्म विचारला. ती कॅथलिक असल्याचे लिहिल्यावर पगारातून चर्चचा कर कापला जाऊ लागला. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. उत्पन्नाच्या नाही, आयकराच्या. नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचे लिहून द्यावे लागते, आणि २०१२ पासून तिथल्या कॅथलिक बिशपांनी अशा माणसाला प्रभुभोजनासह बरेच संस्कार बंद केले. मला ही सक्ती पटत नाही. तिचा धर्म तिच्या मालकाला पगारपत्रकावरून कळतो, तेही पटत नाही. पण भाची म्हणाली, “मावशी, फादरना मी किती देते ते माहीत नाही. ते मला फक्त आई कशी आहे ते विचारतात.” ते ऐकून मला तिचा हेवा वाटला.

अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची रीत आमच्या दुखण्याच्या फार जवळची वाटली. तिथे वर्षाच्या शेवटी प्रत्येक कुटुंब बिशपला भेटते आणि आपण पूर्ण दशांश दिला की नाही ते सांगते. त्यांच्या मंदिरात प्रवेश मिळायला पूर्ण दशांश देणारा असावे लागते. म्हणजे मुलीचे लग्न मंदिरात लागणार असेल तर आईबापांना आत बसता येईल की नाही, हे यावर अवलंबून. तिथला बिशप पगारी धर्मगुरू नसतो, आपले काम सांभाळून सेवा करणारा शेजारीच असतो. आमच्या खजिनदारासारखा. त्यातही एक चांगली गोष्ट आहे: १९७० सालच्या त्यांच्या वरिष्ठांच्या पत्रात दहावा भाग उत्पन्नाचा, एवढेच सांगून पुढचे ठरवणे सभासदावर सोपवले. कापून हातात येणारा पगार धरायचा की आधीचा, हे त्याने आणि देवाने बघावे. पगाराची चिठ्ठी कुणी मागायची नाही. मग चर्चने स्वतःच्या पैशाचे काय केले? १९५९ नंतर अमेरिकेत त्यांनी खर्चाचा तपशील सभासदांपुढे मांडणे बंद केले. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या रोखे बाजाराच्या नियामकाने, चर्चच्या गुंतवणूक संस्थेने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांमागे अब्जावधी डॉलरचे शेअर्स झाकून ठेवल्याबद्दल, संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड केला. सभासदाने दरवर्षी समोर बसून सांगायचे, आणि त्याला मात्र काही सांगायचे नाही.

आमच्याकडे रकमा लहान आहेत, पण दिशा तीच. सभासदाचे सगळे मंडळीला माहीत, मंडळीचे सभासदाला काही नाही. चर्चची जमीन भाड्याने कुणाला दिली, दुकानगाळ्यांचे डिपॉझिट कुठे गेले, हे विचारले की ‘तुम्हाला विश्वास नाही का’ असे ऐकावे लागते. खरे तर आपल्या राज्यात न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे अहवाल द्यावा लागतो. कॅथलिकांच्या धर्मसंहितेत १२८७ वा नियम स्पष्ट सांगतो की लोकांनी दिलेल्या संपत्तीचा हिशेब लोकांना द्यावा. उलट देणाऱ्याचे नाव विचारण्याची घाई कायद्यालाही नाही. २००६ साली निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावणारे कलम आयकर कायद्यात आले, तेव्हा निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून वगळले गेले. देवापुढच्या पेटीत कुणी किती टाकले ते विचारता येणार नाही, हे दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांनाही समजले होते. देणाऱ्याचा हात झाकलेला आणि घेणाऱ्याची वही उघडी, असे ते असायला हवे. आम्ही नेमके उलटे करून बसलो.

थैलीची जागा आता मोबाइल घेतो आहे. मखमली थैलीत हात आत घालून मूठ सोडली की आवाजसुद्धा व्हायचा नाही. आता बाकाच्या पाठीला क्यूआर कोड चिकटवलेला आहे. पैसे गेले की खजिनदाराच्या फोनवर नाव, वेळ आणि रक्कम येते, आणि बहुतेक ठिकाणी खजिनदाराचा फोन घरातली मुलेही हाताळतात. तरुण मुलांना हे सोयीचे आहे, मी विरोध केला नाही. फक्त खाते मंडळीचेच हवे, कुणाच्या वैयक्तिक नंबरावर नको, आणि ते संदेश एकाच ठरलेल्या माणसाकडे जावेत, एवढे मी सांगत असते. रोख देणाऱ्या म्हाताऱ्यांना मागासलेले समजू नये, हेही. निनावी द्यायची शेवटची वाट त्यांच्याचकडे राहिली आहे.

माझ्या वेळी आम्ही पाकिटांवर नावाऐवजी क्रमांक घातले होते. क्रमांकांची यादी एका माणसाकडे, पैसे मोजायला दुसरे दोघे. पाळकसाहेबांना फक्त एकूण बेरीज. त्यांनी हे मनापासून मान्य केले, सुटल्यासारखे वाटले म्हणाले. सुरुवातीला अर्पण घटले, हे खरे आहे. ‘नाव वाचल्याशिवाय कुणी देत नाही’ म्हणणाऱ्यांनी तेव्हा मला ते बरेच ऐकवले. पुढे पुष्कळसे भरून आले. कायमची जी घट राहिली ती दिखाव्याची होती असे मी म्हणणार नाही, काही लोक खरोखर फक्त आठवण करून दिल्यावरच देतात. पण वर्गणी थकल्यामुळे येणे बंद केलेली दोन-तीन घरे परत येऊन बसू लागली, आणि मला ती घरे त्या रकमेपेक्षा जास्त वाटली. माझ्यानंतर यादी पुन्हा दारावर आली. निवडणूक होती, आणि आमच्या नियमात थकबाकीदाराला मत नाही. कोणाला मत नाही हे कळायला यादी हवी, असे कारण दिले गेले.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे. प्रभुभोजन घेणाऱ्या प्रत्येक सभासदाला मत असावे, वर्गणी किंवा दशांश पाहू नये. व्यक्तिगत रकमांची कुठलीही यादी वाचू नये, छापू नये, दारावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. सभासदाच्या उत्पन्नाची चौकशी पाळकांनी, पंचांनी किंवा खजिनदाराने करू नये. आणि तपासलेला जमाखर्च, भाड्याच्या आणि जमिनीच्या उत्पन्नासकट, सभेच्या आधी पंधरा दिवस चर्चच्या दारावर लावावा, जिथे आता ती यादी असते. अनुमोदन द्यायला चौघेजण तयार झाले आहेत. त्यांपैकी दोघांची नावे सध्याच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांचे अनुमोदन धरायचे की नाही यावरच पहिला वाद होईल, असे सेक्रेटरींनी मला फोनवर कळवले. तो वाद व्हावा, सभेच्या इतिवृत्तात नोंदवला जावा, आणि मी तिथे असेन.